नापास झालेल्या गाद्या

मुलांनो,

आपल्या घराखाली गाद्यांचं दुकान आहे आणि तिथले चाचा सदरा उलटा घालतात, एवढं तुम्हाला आठवत असेल. मागच्या खेपेला आलात तेव्हा धाकटीने त्यांना ते तोंडावर सांगितलं होतं. "चाचा, तुमचा शर्ट उलटा आहे."

चाचांनी मान खाली घालून खात्री करून घेतली. मग म्हणाले, "शिवन आतून मला टोचती. बाहेरून कुनाला टोचती का?"

धाकटीने विचार केला आणि नाही म्हणाली.

"मग झालं," म्हणाले आणि कामाला लागले. बीड शहर त्यांना पन्नास वर्षं हसत आलं आहे, पण त्या प्रश्नाला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.

हल्ली त्यांची नजर थकली आहे, दुकान आठवड्यातून तीनच दिवस उघडतं. म्हणून त्यांच्याबद्दल आताच लिहून ठेवते. मी पस्तीस वर्षं मुलींना इंग्रजी शिकवलं, त्यामुळे क्रमवार लिहायची सवय आहे. पण चाचा क्रमात बसणारे गृहस्थ नाहीत, तेव्हा थोडं इकडे तिकडे होईल.

चाचा पिंजारी. कापूस पिंजायचा, खोळीत भरायचा, वीतभर लांब सुईने टाके घालायचे, हे त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं काम. लग्न केलं नाही. थोरली बहीण, जिला आम्ही सगळे आपा म्हणतो, तिच्या घरी मागच्या गल्लीत राहतात. भुवयांवर कायम कापूस, त्यामुळे विशीपासूनच म्हातारे दिसायचे. आता खरंच म्हातारे झालेत तर कुणाला फरक कळत नाही.

त्यांच्याकडे गादी मागायला गेलं की आधी झडती व्हायची. उजव्या कुशीवर की डाव्या? पाय बाहेर काढून झोपता का? एकदा एक पोलीस अधिकारी आले. चाचांनी विचारलं, "रातीतून किती बार उठता?"

"दोन-तीनदा," अधिकारी म्हणाले. बरोबरच्या शिपायाने भिंतीकडे तोंड केलं.

"कावून उठता?"

आता ह्याचं उत्तर शिपायासमोर कसं द्यायचं? चाचांनीच सोडवलं. "गादीचा दोष न्हाई. रक्तातली साखर तपासा. मग या." अधिकारी रागाने निघून गेले, पण तपासून आले. साखर होती. गादी मिळाली.

तुमच्या आजोबांना मात्र त्यांनी गादी द्यायला साफ नकार दिला. "सायबांना कशाला? सायेब कट्ट्यावर बसल्या बसल्या झोपत्यात. गादी वाया जाईल." आजोबा अजून माझ्या जुन्या गादीवर झोपतात, ते ह्यामुळे.

माणसांची नावं चाचांच्या लक्षात राहत नसत. गाद्या राहत. एकदा नेकनूरच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसलो होतो. समोरच्या सीटवर एक बाई होत्या. चाचांनी त्यांना ओळख दिली, तीही मोठ्याने: "चौदा किलो, लाल खोळ. नवरा आडवा झोपतो." सगळी बस वळून बघायला लागली. मी नेकनूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

आता त्यांचा मुख्य नियम. एकही गादी चाचा स्वतः तिच्यावर झोपल्याशिवाय दुकानाबाहेर जात नसे. तुम्ही नाक मुरडायच्या आधी सांगते, वर स्वच्छ धुतलेली चादर घालत. दुपारचा नमाज झाला की शटर अर्धं खाली, नवी गादी पसरायची आणि आडवं व्हायचं. झोप लागली तर गादी पास. नाही लागली तर उठून सगळे टाके उसवायचे, कापूस बाहेर काढायचा आणि पहिल्यापासून सुरुवात.

त्यात गंमत अशी की चाचांना झोप हा प्रकार मुळात नव्हताच. रात्री दोन तास, फार तर तीन. आपा म्हणायची, "बाई, हा आईच्या पोटातूनच जागा आला. अम्मी पाळणा हलवता हलवता झोपायची, हा नाही." मी चाचांना एकदा समजावलं, की ज्याला झोपच येत नाही त्याने गाद्या तपासणं म्हणजे उपाशी राहणाऱ्याने हॉटेल चालवणं. ते म्हणाले, "तसं न्हाई, बाई. मला लागली तर कुनालाबी लागंल." ह्यात मला तर्काची चूक सापडली नाही. मी बरीच शोधली.

चाचांच्या ह्या सगळ्या वागण्याला काही नाव असू शकेल हे मला तुमच्या आईमुळे कळलं. तिच्या शाळेत ऑटिझम असलेली मुलं येतात. ती फोनवर त्यांच्याबद्दल सांगत होती: शिवण टोचते, फोडणीचा वास सहन होत नाही, विचारलं तेवढंच उत्तर देतात. मी म्हटलं, अगं, हे तर खाली बसलेत. ती म्हणाली, अशा कितीतरी जणांची झोप लहानपणापासून तुटकी असते. आणि झोप तुटली की दुसऱ्या दिवशी लक्ष, बोलणं, हात, चित्त सगळं डळमळतं, तुमच्या-आमच्यापेक्षा जास्त. चाचांना कुणी डॉक्टरने तसं कागदावर लिहून दिलेलं नाही. मीही देत नाही. पण पुढची गोष्ट ह्या माहितीशिवाय कळणार नाही.

तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या तोंडाला मी दुकानातला छताचा पंखा बदलला. जागेची मालकीण ह्या नात्याने माझी जबाबदारी होती. जुना पंखा इतका आवाज करायचा की वर माझ्या स्वयंपाकघरातली भांडी थरथरायची. नवा बसवला, जुना त्याच दिवशी भंगारवाल्याला दिला आणि खाली जाऊन विचारलं, "चाचा, कसा आहे पंखा?"

"चांगला हाय."

मी समाधानाने वर आले.

त्या दिवसापासून एकही गादी पास होईना.

नेमकं तेव्हाच एक मोठं काम आलेलं होतं. तेलगावच्या बाजूचे एक पुढारी, सगळे त्यांना तात्या म्हणतात, त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. मुलीने आपल्या रानातल्या कापसाच्या दोन गाद्या सासरी न्यायच्या, ही त्यांच्या घरची रीत. कापूस सरकी काढून आला, खोळी आल्या. चाचांनी गादी भरली, दुपारी आडवे झाले, तासाभराने उठले आणि टाके उसवायला बसले. दुसऱ्या दिवशी तेच. आठवडा झाला, दोन झाले. इतर गिऱ्हाइकांच्या गाद्याही तशाच नापास होऊन कोपऱ्यात पडल्या.

आपाचा मुलगा, चाचांचा भाचा, मोबाईलच्या धंद्यात आहे. तो एक दिवस दुकानात येऊन स्पष्ट बोलला. मी तिथेच होते. "मामू, लास्ट सांगतो. तात्यांच्या गाद्या हळदीच्या आधी न्हाई गेल्या तर इथं फोमच्या रेडीमेड गाद्या लावणार. तुमी काउंटरवर बसा. सुई-बिई बंद. गिऱ्हाइकाशी दोन शब्द गोड बोला, बस."

मुलगा वाईट नाही. आईचं आणि मामाचं त्यालाच बघायचं होतं. पण तो गेल्यावर चाचांनी मला विचारलं, "बाई, गोड कसं बोलत्यात?"

चेष्टा नव्हती ती. मी काहीतरी सांगितलं. ते म्हणाले, "हातात सुई नसली तर मी हात कुठं ठेवायचे?"

तेव्हा मी प्रकरण हातात घेतलं. एक वही केली. आपाकडून रोज सकाळी किती तास झोप झाली ते विचारायचं आणि शेजारी त्या दिवसाचं वागणं लिहायचं. पंधरा दिवसांत चित्र स्पष्ट झालं. पूर्वी रात्रीच्या तीन तासांना दुपारचा डुलका जोडून मिळायचा, तेव्हा चाचांचा टाका एका सुतात असायचा आणि वीस वर्षांपूर्वीच्या गादीचं वजन तोंडपाठ. आता नुसते दोन तास. टाके माझ्या पहिल्या वर्षाच्या मुलींच्या अक्षरासारखे वर-खाली जायला लागले. मग वाक्यं गळायला लागली, कधी कधी नुसते आकडे उरत.

"चाचा, चहा घेणार?"

"सतरा."

सतरा म्हणजे किती टाके झाले ते. पुढे पुढे बाहेर कुणी स्कूटरचा हॉर्न वाजवला तरी कानांवर हात ठेवून कापसाच्या ढिगात तोंड घालायचे. हे पाहून हसू येत नसे.

उपाय मी पद्धतशीरपणे केले. चार वाजल्यानंतर चहा बंद. चाचांनी चारला पाच कमी असताना दोन कप घ्यायला सुरुवात केली. नियम त्यांनी मोडला नाही. जायफळ घातलेलं दूध. आपाने तळपायांना तेल चोळलं, तर ते गुदगुल्यांनी आणखीच जागे झाले. तुमचे आजोबा कट्ट्यावरून म्हणाले, "अगं, तू त्याला इंग्रजी शिकव. पस्तीस वर्षांचा अनुभव आहे तुला वर्ग झोपवण्याचा." मी दुर्लक्ष केलं आणि दुसऱ्या दिवशी इंग्रजी वर्तमानपत्राचा अग्रलेख घेऊन खाली गेले. चाचांना इंग्रजीचं एक अक्षर येत नाही. त्यांनी शेवटपर्यंत डोळे उघडे ठेवून ऐकलं आणि म्हणाले, "तुमी 'हावेवर' अकरा बार म्हनला." मी मोजलं. अकराच होते. लेख वाईट होता हे माझ्या तोपर्यंत लक्षात आलं नव्हतं.

मग डॉक्टर. भल्या माणसाने आठ दिवसांच्या हलक्या गोळ्या दिल्या आणि गरज नसेल तर घेऊ नका असंही सांगितलं. पहिल्याच दुपारी चाचा तात्यांच्या गादीवर दीड तास झोपले. आपाने आनंदाने गल्लीत साखर वाटली. चाचा उठले, तोंड धुतलं आणि कात्रीने टाके उसवायला बसले.

"अरे, झोपला होतास ना!" आपा ओरडली.

"गोळीनं झोपलो," चाचा म्हणाले. "गादीनं न्हाई. गादी नापास."

आपाने कपाळावर हात मारला. मला मात्र ते पटलं. परीक्षेत कॉपी करून पास झालेल्या मुलीला मीही पास केलं नसतं.

हळदीला सहा दिवस उरले तेव्हा तुमच्या आईचा फोन आला. तिने एकच प्रश्न विचारला: "आई, त्यांच्या आजूबाजूला काय बदललं?" मी म्हटलं, काही नाही. फोन ठेवला, शिस्तीप्रमाणे यादी करायला बसले आणि पहिल्याच ओळीवर हात थांबला. पंखा. माझ्याच हातचा.

मी खाली गेले. ह्या वेळी प्रश्न नीट विचारला. "चाचा, जुन्या पंख्याखाली झोप लागायची का?"

"लागायची."

"नव्याखाली?"

"न्हाई. जुना सहा बार कट-कट करायचा, मग एक बार घरर्र. मी मोजता मोजता झोपायचो. हा काहीच बोलत न्हाई. मग डोकंच बोलतं."

"अहो मग मला सांगितलं का नाही?"

"तुमी विचारलं, पंखा कसा हाय. पंखा चांगला हाय."

भंगारवाला म्हणाला, तो पंखा कधीच वितळला असेल. मग आमची दुसरी मोहीम सुरू झाली: नवा पंखा बिघडवणे. आजोबांनी स्टुलावर चढून एक पातं वाकवलं. पंखा हलायला लागला, पण आवाज करीना. वायरमनला बोलावलं तर तो हात जोडून म्हणाला, "बाई, मी दुरुस्तीचं शिकलोय. बिघडवायचं कुनी शिकवलं न्हाई." भाच्याने मोबाईलवर कुठून तरी पंख्याचा आवाज शोधून लावला. चाचा दहा मिनिटं शांत पडले, पापण्या जडावल्या, आणि पंख्याच्या मधेच एक बाई कपड्यांच्या साबणाची जाहिरात ओरडली. त्यानंतर तो मोबाईल ज्या खोलीत असेल तिथे चाचा थांबेनात.

चार दिवस उरले तेव्हा तात्यांची जीप दाराशी लागली. पांढरे कपडे, डोळे लाल. तात्यांचा असा समज झाला होता की चाचा त्यांचा लांब धाग्याचा कापूस काढून आखूड भरत आहेत, म्हणून एवढा उशीर. आपल्याकडे ही जुनी पद्धत आहे: गादी भरताना घरचं माणूस समोर बसून कापसाची राखण करतं. तात्यांनी ठरवलं, घरचं माणूस म्हणजे आपणच.

"चाचा, आज मी हितं बसनार," ते म्हणाले. "माझ्या डोळ्यासमोर भरा. बघतोच कापूस कुठं जातो."

चाचा म्हणाले, "बसा."

दुकानातल्या एकुलत्या खुर्चीत तात्या बसले. चाचांनी कापूस पिंजला, खोळीत भरला, टाके घातले. तात्या डोळे वटारून बघत होते. दुपार झाली. चाचा नमाज पढून आले. मी सव्वादोनला चहा घेऊन खाली गेले तेव्हा शटर अर्धं खाली होतं. वाकून आत गेले.

तात्या खुर्चीत मान मागे टाकून घोरत होते. घोरणं कसलं, ट्रॅक्टर चढाला लागावा तसा आवाज. लग्नाच्या धावपळीत त्या माणसाला महिनाभर झोप नसावी. आणि समोर, त्यांच्या मुलीच्या गादीवर, पांढऱ्या चादरीवर, उलट्या सदऱ्यातले चाचा गाढ झोपले होते. तोंड किंचित उघडं, भुवयांवरचा कापूस श्वासाबरोबर हलत होता. पाच आठवड्यांनी.

मी श्वास रोखला. कप मात्र बशीवर वाजलाच. तात्यांनी डोळे उघडले. आधी मला पाहिलं, मग समोर पाहिलं, आणि खुर्ची सरकवून उठले.

"हे काय! माझ्या लेकीच्या..."

"हळू!" मी म्हटलं. वर्गात वापरायचे तो आवाज, पण कुजबुजून.

तात्या पुढारी माणूस. कुजबुजायची सवय नाही. पण मास्तरणीपुढे त्यांचाही आवाज खाली आला. "बाई, ती लग्नाची गादी हाय," ते दातांमधून म्हणाले. "नवरीच्या आधी हा कोन झोपनार? लोकांनी ऐकलं तर काय म्हनतील? मी गादी नेत न्हाई. उचलून फेका. फोमची आनतो बाजारातून."

भाचा शटरखालून डोकावला होता. 'फोम' हा शब्द त्याने ऐकला. नियम सांगावा तर हा माणूस आणखी भडकणार, खोटं सांगावं तर मला जमत नाही.

तेवढ्यात घोरणं थांबलं म्हणून असेल, चाचा जागे झाले. उठून बसले. सदऱ्याच्या सुरकुत्या सारख्या केल्या. आणि कित्येक आठवड्यांनी ते न अडखळता, सलग बोलले.

"तात्या, पास झाली. घिऊन जा."

"चाचा, तुमाला काय लाज हाय का न्हाई?"

चाचांना तो प्रश्न कळला नाही, त्यांनी तो सोडून दिला. "पोरगी नव्या घरी जाती. नवं छत, नवा वास, नवे आवाज. नव्या जागंत झोप येत न्हाई. मला ठावं हाय, मला जुन्या जागंतबी येत न्हाई. ती कुनाला सांगनार? तुमी तर हितं असनार." त्यांनी गादीवर तळहात फिरवला. "पाच हप्ते नापास केली म्हनून उशीर झाला. आज मला लागली. तिला लागंल."

तात्या उभेच होते. उपरणं खांद्यावरून घसरलं होतं ते त्यांनी ओढून घेतलं, मग त्याच उपरण्याने तोंड पुसलं, बराच वेळ. मी चहा पुढे केला. तो निवला होता तरी त्यांनी घेतला.

"मी झोपलो न्हवतो," अखेर ते म्हणाले. "डोळे मिटून राखन करत व्हतो."

"चार आन दोन," चाचा म्हणाले.

"काय चार आन दोन?"

"तुमी चार बार घोरता, मग दोन बार फुर्र. पक्कं. चुकत न्हाई." आणि मग दुसऱ्या खोळीकडे बोट दाखवून, "ही राहिली. उद्या दोनला या. जेवून या."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चेहरा कोरा ठेवला. ते शटरखालून वाकून बाहेर पडले, जीप सुरू झाली, धूळ उडाली. भाचा म्हणाला, "गेलं मामू, तुमचं गिऱ्हाईक." आपा रडायला लागली. चाचा दुसरी खोळ उलगडत होते.

दुसऱ्या दिवशी दोनला दहा कमी असताना मी गॅलरीत उभी होते. उगाच नाही, कपडे वाळत घालायचे होते. जीप आली. तात्या उतरले, इकडे तिकडे कुणी बघत नाही ना ते पाहिलं आणि घाईने दुकानात शिरले. त्यांनी काखेत स्वतःची उशी आणली होती.